आई-अण्णा स्कॉटलंडला : गिरणी, व्हिस्की आणि हुरड्याची आगटी

बाळीवेस_ते_एडिनबरा

नमस्कार सोलापूरकर मंडळी. मागं कुणीतरी विचारलं होतं की आईवडील परदेशात आले की त्यांना दाखवायचं काय, चार दिवसांत किल्ला आणि बागा संपतात आणि मग ते खिडकीत बसून राहतात. तेव्हापासून लिहायचं मनात होतं, आज रविवार आहे म्हणून बसलो.

गेल्या वर्षी मेच्या मध्यावर आई-अण्णा आले, सहा आठवडे राहिले. सोलापूर सोडलं तेव्हा ४२ डिग्री आणि एडिनबराला उतरले तेव्हा ११, आईनं विमानतळावरच बॅगेतनं आपली चादर काढून अंगावर घेतली. अण्णा आधी कापड गिरणीत, स्पिनिंगला, गिरणी बंद पडल्यावर पुढची वीस वर्षं यंत्रमागावर. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढं त्याचा संबंध आहे.

पहिले दोन दिवस एडिनबराच. किल्ला उभा आहे तो थंड झालेल्या ज्वालामुखीच्या खडकावर, म्हणजे आपल्यासारखाच काळा दगड. रविवार सोडून रोज दुपारी एकला तिथनं तोफ उडवतात, १८६१ पासून, समुद्रातल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून सुरू केलेली. तोफ उडाली, आजूबाजूचे लोक दचकले, अण्णांनी शांतपणे मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "भोंगा." गिरणीच्या भोंग्यावर अख्खं शहर उठायचं आणि जेवायचं ते ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल.

आता चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. तिसऱ्या दिवशी मी अण्णांना व्हिस्की टेस्टिंगला घेऊन गेलो. साडेचार तासांचा फरक, झोप झालेली नाही, सकाळपासून पोटात फक्त चहा. समोर चार ग्लास आले, प्रत्येकात थोडीथोडीच. ही वास घेऊन, चार थेंब पाणी घालून, अर्धा तास लावून प्यायची असते. अण्णांनी चारही ग्लास उभ्याउभ्या, एकेका घोटात संपवले. बाहेर आल्यावर रॉयल माईल ह्या रस्त्यावरच्या एका पायरीवर बसले, घाम फुटला, चेहरा पांढराफटक. आई शेजारी बसून पदरानं वारा घालत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मला लई वाईट वाटलं, कारण ही घाई अण्णांची नव्हती, मी समजून घ्यायला कमी पडलो.

रात्री आई बोलली. म्हणाली, "तुझ्या बापानं आयुष्यभर अशीच घेतलीय. पाळी सुटल्यावर काउंटरवर उभं राहून, कुणी बघायच्या आत. वाटायचं मला कळत नाही. ह्या माणसाला बसून काही खाता-पिता आलंच नाही कधी." अण्णा आतल्या खोलीत जागेच होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. आमच्या घरात ह्या विषयावर त्याआधी एक वाक्य सुद्धा कधी झालेलं नव्हतं. मी पस्तिशीचा, पण अण्णांसमोर मी घेतो हे मी कधी कबूल केलं नव्हतं आणि त्यांनी माझ्यासमोर केलं नव्हतं.

मग दहा दिवस व्हिस्कीचं नावच काढलं नाही. न्यू लॅनार्कला गेलो, एडिनबराहून गाडीनं साधारण तासभर. क्लाइड नदीच्या काठावर १७८६ सालची सूतगिरणी, डेव्हिड डेलनं काढलेली, नदीच्या पाण्यावर चालायची. १८०० पासून त्याचा जावई रॉबर्ट ओवेन कारभार बघायला लागला, त्यानं दहा वर्षांखालच्या पोरांना कामावर घेणं बंद केलं, त्यांच्यासाठी शाळा काढली, कामगारांना रास्त भावात माल मिळेल असं दुकान चालवलं. गिरणी १९६८ ला बंद पडली, पण इमारती राखल्या, २००१ पासून जागतिक वारसा आहे. आत एक जुना स्पिनिंग म्यूल अजून चालवतात, कापूस नाही, लोकर काततात. अण्णा तिथं जे उभे राहिले ते हलेनात. चात्या फिरायला लागल्या, गाडा मागंपुढं व्हायला लागला, आणि अण्णांनी बोट करून दाखवलं, तिसरीकडचं सूत तुटलंय. चालवणाऱ्या बाईच्या ते लक्षात येईपर्यंत अण्णांनी दोन बोटं हवेतच चोळून सांधा घातला सुद्धा. तिनं बघितलं, मशीन थांबवली आणि हातानं खूण करून विचारलं, तुम्ही? अण्णांनी मान हलवली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "बंद पडली तरी पाडली नाही बघ ह्यांनी."

त्या संध्याकाळी अण्णा स्वतःच म्हणाले, ते व्हिस्कीचं कसं करतात ते बघायचं राहिलंच. प्यायचं नाही, कसं करतात ते. आई म्हणाली मी पण येते.

डफटाऊन म्हणून गाव आहे वर स्पेसाइड भागात, एडिनबराहून साडेतीन-चार तास. तिथली बाल्व्हेनी डिस्टिलरी १८९२ ची. तिथंच का, तर जमिनीवर बार्ली पसरून मोड आणायची जुनी पद्धत ठेवलेल्या ज्या मोजक्या उरल्यात त्यातली ही एक, बाकी बहुतेक जण मोड आणून वाळवलेलं धान्य बाहेरून तयार घेतात. बार्ली दोनेक दिवस भिजवतात, मग दगडी जमिनीवर वीतभर थर देऊन पसरतात, आणि मोड यायला लागले की लाकडी फावड्यांनी दिवसातनं अनेकदा उलथापालथ करतात. आम्ही त्या खोलीत शिरलो आणि आई थांबली. वाकून त्या ढिगात मनगटापर्यंत हात घातला आणि म्हणाली, "ऊब सुटलीय. आता हलवलं नाही तर मुळ्या गुंततील आणि आंबूस वास धरेल." मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा तो दाखवणारा माणूस हसून म्हणाला की फावडं ह्यासाठीच असतं. आईला हे कुणी शिकवलेलं नाही, तिनं चाळीस वर्षं फडक्यात मटकी बांधलीय. चार दाणे तोंडात टाकले आणि मला पण दिले. गोड लागतात. मोड आल्यावर दाण्यातल्या पिठाची साखर व्हायची तयारी होते, मग मोड भट्टीत वाळवून थांबवायचे, धान्य भरडायचं, गरम पाण्यात कालवायचं, ती साखर पाण्यात उतरते. त्यात यीस्ट. आंबलं की बिअरसारखं पातळ काहीतरी होतं, आठ-नऊ टक्क्यांचं. ते तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळायचं, वाफ थंड करायची.

आणि मग ती गोष्ट जी ऐकून अण्णा चाट पडले. दुसऱ्या वेळी उकळताना जे पहिल्यांदा येतं ते घेत नाहीत. बाजूला काढतात. शेवटचं येतं ते पण बाजूला. फक्त मधलं पिंपात जातं, आणि बाजूला काढलेलं पुढच्या खेपेला परत उकळायला. अण्णा म्हणाले, "आपल्याकडं लोक पहिल्या धारेचीच मागतात! पहिल्या धारेची म्हणून जास्त पैसे देतात!" किती जणांनी पहिल्या धारेची म्हणून काय काय पोटात घातलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गिरणीत बरोबर असलेल्या दोघा-तिघांची नावं घेतली त्यांनी हळूच.

मधली धार पाण्यासारखी पांढरी असते, रंग येतो तो सगळा लाकडाचा. ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, कमीत कमी तीन वर्षं ठेवल्याशिवाय तिला स्कॉच म्हणता येत नाही, कायदाच आहे. पिंपं बरीचशी अमेरिकेतनं येतात, कारण तिथं बर्बनला, म्हणजे तिथल्या व्हिस्कीला, दर वेळी नवीन पिंप लागतं, मग वापरलेली इकडं विकतात. गोदामात दरवर्षी साधारण दोन टक्के उडून जातं, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आईला हे आवडलं, म्हणाली देवाला आधी दिलेलं बरंच.

शेवटी टेस्टिंग. मी गाडी चालवत होतो म्हणून थेंब घेतला नाही. स्कॉटलंडमध्ये ड्रायव्हिंगची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम, तिकडं ८०. ड्रायव्हर असाल तर तुमच्या वाट्याचं छोट्या बाटलीत भरून देतात, बऱ्याच ठिकाणी. आधी सँडविच, सूप, पोटभर. मग अण्णा खुर्चीत बसले. बसले, हे महत्त्वाचं. आईनं ग्लास हातात घेतला, फक्त वास घ्यायला, आणि सांगायला लागली. हा मधाचा. ह्याच्यात मनुका. हा ओल्या लाकडाचा, पावसाळ्यातल्या दारासारखा. अण्णा तिचं ऐकून एकेक घोट घ्यायचे आणि म्हणायचे, हो की गं. तासभर लागला तीन ग्लासांना. लग्नाला ४१ वर्षं झालीत त्यांच्या, आणि अण्णांच्या हातात ग्लास असताना आई शेजारी बसलीय असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

घरी आल्यावर मी त्यांना आयला बेटावरची धुरकट व्हिस्की हुंगायला दिली. तिकडं मोड वाळवताना पीट जाळतात, म्हणजे दलदलीतलं हजारो वर्षं साचलेलं झाडपाल्याचं ढेकूळ वाळवून. आईनं नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले. "हुरड्याची आगटी आहे ही," म्हणाली. "गोवऱ्या विझत आल्यावरची."

---

शेंगाचटणी

वा, डोळ्यात पाणी आलं वाचून. माझे सासूसासरे जूनमध्ये यायलेत ग्लासगोला, दोघांनाही शाकाहारी लागतं. काय काय आणायला सांगू आणि काय नको ते जरा सांगा ना, आणि प्रवास किती झेपतो ह्या वयात?

बाळीवेस_ते_एडिनबरा

कडक भाकरी, शेंगाचटणी, येसर, कोरडे मसाले बिनधास्त. आमच्या कडक भाकऱ्या तीन आठवडे टिकल्या. तूप, पेढे, खवा अजिबात नको, भारतातनं दुधाचं आणि मटणाचं काही आणायला बंदी आहे, आणलं तर काढून घेतात. शाकाहारी जेवणाची काळजी नको, हॅगिस म्हणून इथला मटणाचा पदार्थ आहे, ते सुद्धा शाकाहारी मिळतं, डाळी आणि ओटचं, आईला त्यात शेंगाचटणी घालून आवडलं.

प्रवासाचं म्हणाल तर एक दिवस फिरणं आणि एक दिवस घरी, हा नियम पाळा. पिटलोक्री चांगलं आहे, एडिनबराहून रेल्वेनं दोन तासांच्या आत, स्टेशनवरनं चालत ब्लेअर अथॉल डिस्टिलरी (१७९८ ची), आणि धरणावर सामन माशांना वर चढायला ३४ टाक्यांची शिडी केलीय ती बघायची. सासूबाईंना डिस्टिलरीत यायचं नसेल तर त्या तिथं आरामात बसतात. जूनमध्ये वर डोंगरात बारीक डास असतात, मिज म्हणतात, डोळ्यांना सहज दिसत नाहीत आणि चावून हैराण करतात, वारा नसलेल्या संध्याकाळी नदीकाठी बसवू नका. आणि उजेड रात्री दहापर्यंत असतो, खोलीला जाड पडदे लावा, नाहीतर झोपेचे हाल.

नवीपेठकर

धागा छान लिहिलाय पण मला राहवत नाही म्हणून लिहिते. माझे वडील पण गिरणीतले. गिरणी गेली, पगार गेला, आणि सहा वर्षांत दारूनं वडील गेले. आमच्या गल्लीत अशी प्रत्येक तिसऱ्या घरात गोष्ट होती. हातभट्टी वाईट आणि महागडी व्हिस्की म्हणजे संस्कृती, असं वाचताना वाटलं. बाई शेवटी दोन्हीकडं पदरानं वाराच घालते. तुमच्या आईंना खरंच बरं वाटलं का, की मुलासाठी सांभाळून घेतलं?

बाळीवेस_ते_एडिनबरा

ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि मी तो दोन दिवस मनात ठेवून मग आईला फोनवर विचारला. तिनं सांगितलं ते तसंच लिहितो. म्हणाली, "मला दारू आवडली नाही आणि आवडणार पण नाही. पण लपवणं जास्त लागायचं. किती घेतली, कुठं घेतली, कुणाबरोबर, घरी येतील का नीट, ह्याच्यात माझी वर्षं गेली. समोर असलं की मोजता येतं." आईचा सख्खा भाऊ ह्यातच गेलाय, त्यामुळं ती सहज बोलत नाही.

व्यसन लागलेल्या माणसाला टेस्टिंगला नेणं हा गुन्हा आहे, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं, तिथं एक घोट सुद्धा नको. अण्णांचं तसं नव्हतं म्हणून नेलं. आणि महाग म्हणून चांगली असं मला म्हणायचं नाही. विष दोन्हीकडं तेच आहे, प्रमाण आणि घाई ह्यांचा फरक. मला अण्णांना फक्त सावकाश बसलेलं बघायचं होतं.

नवीपेठकर

आईंना माझा नमस्कार सांगा. समोर असलं की मोजता येतं, हे मी माझ्या आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण दोनदा वाचायला लावलं.

होटगीरोड

आपल्याकडच्या व्हिस्कीचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून. भारतात व्हिस्की म्हणून जी स्वस्तात विकली जाते त्यातली बरीचशी मळीच्या स्पिरिटपासून होते, साखर कारखान्याच्या मळीपासून. आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको, गळीत हंगामात पंढरपूर रोडनं गेलं की तो वास डोक्यात बसतो. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की नाव लावता येत नाही, धान्याचीच लागते. पण बंगळूरची अमृत ही खरी सिंगल माल्ट आहे, म्हणजे एकाच डिस्टिलरीत नुसत्या मोड आणलेल्या बार्लीची, आणि ती त्यांनी २००४ ला आधी ग्लासगोत आणली, स्कॉच पिणाऱ्यांच्या दारात. गरम हवेत पिंपातनं उडून जाण्याचं प्रमाण फार जास्त, बंगळूरला वर्षाला दहा टक्क्यांच्या पुढं, म्हणून तिथं बारा-पंधरा वर्षं ठेवणं परवडत नाही, चार-पाच वर्षांतच मुरते. बंगळूरची ही गत तर आपल्या सोलापूरच्या उन्हात पिंप ठेवलं तर किती उरेल विचार करा.

बार्शीचा_डब्लिनकर

आयर्लंडकडनं दोन ओळी. इकडं व्हिस्कीच्या इंग्रजी स्पेलिंगात एक 'ई' जास्त आणि साधारणपणे तीनदा उकळतात, त्यामुळं चव मऊ लागते, वडीलधाऱ्यांना पहिल्यांदा हीच सोपी जाते. उत्तरेत बुशमिल्स गाव आहे, तिथल्या परवान्याचं साल १६०८. ते बघायला गेलात तर तिथनं दहा मिनिटांवर जायंट्स कॉजवे आहे, समुद्रात उतरत गेलेले साधारण ४०,००० खांब, बहुतेक षटकोनी, बेसॉल्टचे. माझे वडील विहिरी खोदायचे. त्यांनी त्या खांबावर हात ठेवला, थापटला, आणि म्हणाले हा आपलाच दगड, ह्याला पाणी लागायला सुरुंगच लागतो. मी शाळेत दख्खनचं पठार पाठ केलं होतं पण त्या दिवशी कळलं.

सातरस्ता

माझी आई माळकरी, दरवर्षी आषाढीला चालत जाते. वडिलांना मात्र बघायची हौस आहे, त्यांना शुगर आहे. कसं करू? आईला न सांगता वडिलांना घेऊन जाऊ का अर्ध्या दिवसासाठी?

बाळीवेस_ते_एडिनबरा

न सांगता नका नेऊ, हे हात जोडून सांगतो. आईंना विचारा. नाही म्हणाल्या तर त्यांच्यासाठी त्याच भागात एल्गिनला जॉन्स्टन्सची गिरणी आहे, १७९७ पासूनची, लोकर रंगवण्यापासून शाल विणेपर्यंत सगळं एका आवारात, आतनं फिरून बघता येतं. डफटाऊनहून गाडीनं अर्धा-पाऊण तास. सोलापूरच्या माणसाचा तिथं पाय निघत नाही, आईनं शालीचा काठ उलटा करून पाठीमागची वीण बघितली आणि मगच किंमत विचारली.

वडिलांचं आधी डॉक्टरांना विचारा, ते नाही म्हणाले तर फक्त वास. खरंच सांगतो, निम्म्याच्या वर मजा नाकात आहे, माझी आई ह्याचा पुरावा आहे. गोळ्या, इन्शुलिन असेल तर रिकाम्या पोटी थेंब सुद्धा नको.

शेंगाचटणी

आणि बाटली आणली का त्यांनी परत सोलापूरला?

बाळीवेस_ते_एडिनबरा

एक आणली, भारतात माणशी दोन लिटर चालतात. कपाटात नाही ठेवलेली, बाहेर फडताळावर, चहाच्या डब्याशेजारी आहे. रविवारी जेवणाआधी अण्णा खुर्ची ओढून बसतात, थोडी ओततात, आई ग्लास हुंगून परत देते. डिसेंबरात मामाच्या शेतात हुरडा होता तेव्हा आईनं व्हिडिओ कॉल केला, आगटी दाखवली, आणि अण्णांना ओरडून म्हणाली, या हितं, नाक लावा, तोच वास आहे का बघा. अण्णा गुडघ्यावर हात ठेवून वाकले, धुरानं खोकला आला, आणि मान वर करून मला म्हणाले, तोच आहे रे.